नवेगावबांधची बेसलाइन कुठे सापडते?

पाणथळ जागांवर पीएचडी करायचं ठरलं की सिनॉप्सिसच्या पहिल्याच चर्चेत एक प्रश्न हमखास येतो: तुमची बेसलाइन कुठली? म्हणजे, तलाव बिघडला असं तुम्ही म्हणताय, पण बिघडण्याआधी तो कसा होता हे तुम्हाला कुठून कळलं? युरोपातल्या एखाद्या सरोवरावर काम करणाऱ्याला हा प्रश्न फारसा जड जात नाही. जिनिव्हाच्या सरोवरावर फॉरेल नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयुष्य घालवलं आणि त्यातूनच लिम्नॉलॉजी, म्हणजे सरोवरांचं शास्त्र, उभं राहिलं. आपल्याकडे, त्यातही गोंदिया जिल्ह्यात, असा शंभर वर्षांचा डेटा कुणी मांडून ठेवलेला नाही. जर्नलमध्ये शोधत बसलात तर हाती जे लागतं ते बहुतेक अलीकडचं असतं: पाण्याचा पीएच, विद्राव्य ऑक्सिजन, प्लवकांची यादी.

मग इथला पाणथळींचा अभ्यास तेव्हाच सुरू झाला असं समजायचं का? मला तसं अजिबात वाटत नाही. इथला अभ्यास फार जुना आहे, पण तो ज्यांनी केला त्यांच्या हुद्द्यापुढे ‘इकॉलॉजिस्ट’ असं कुणी लिहिलं नव्हतं. या लेखात तसे तीन थर बघू: तलाव बांधणारे, तलावाकाठी नोकरी करणारा एक वनाधिकारी, आणि तलावात उतरणारे ढीवर. या तिघांचं काम स्रोत म्हणून कसं वाचायचं, हा आपला खरा प्रश्न.

आधी एक कामाची गोष्ट, कारण यात नवखे विद्यार्थी फार वेळ घालवतात. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्याआधीचं काहीही ‘गोंदिया’ टाकून शोधलंत तर मिळणार नाही. भंडारा म्हणून शोधा. आणि १९५६ पर्यंत भंडारा हा मध्य प्रांतात, नंतरच्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. म्हणजे मुंबई इलाख्याचं दप्तर चाळून उपयोग नाही. इथली जमीनव्यवस्था वेगळी, शब्द वेगळे, कायदेही वेगळे.

आता तलाव. वैनगंगेच्या खोऱ्यातले हे तलाव माणसांनी बांधलेले आहेत, हे आधी पक्कं लक्षात ठेवा. चांद्याचे गोंड राजे तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन द्यायचे, अशा देणगीला तुकूम म्हणत. तलाव बांधण्यात ज्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं ते कोहळी. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. भोवती सात टेकड्या, त्यांना सातबहिणी म्हणतात. दोन टेकड्यांमधली फट हेरून तिथे मातीची पाळ घालायची आणि बाकीचं काम डोंगरांकडून करून घ्यायचं, ही त्यातली युक्ती. कागदावरचा नकाशा नाही, लेव्हल घेणारं यंत्र नाही. पाऊस पडल्यावर पाणी कुठून कसं पळतं हे वर्षानुवर्षं बघितल्याशिवाय अशी जागा सापडत नाही. पाणलोट क्षेत्राचा अभ्यास याहून वेगळा काय असतो?

पुढे इंग्रजी अमदानीत हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले. मालगुजार म्हणजे सारा वसूल करून सरकारात भरणारा गावचा मालक. १९०८ मध्ये आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेलं भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं, आणि १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे खंड. आपल्यापैकी बरेच जण इथूनच सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे. पण हे ग्रंथ वाचताना लिहिणाऱ्याची नजर ओळखा. गॅझेटियरला तलाव दिसतो तो मुख्यतः महसुलाच्या भिंगातून: किती भात भिजतो, ऊस कुठे होतो. जातींच्या खंडांत ढीवर, म्हणजे त्यांच्या लेखी धीमर, दिसतात ते पाणी वाहणारे, पालखी उचलणारे, मासे धरणारे आणि शिंगाडा लावणारे म्हणून. शिंगाडा लावणाऱ्यांची ‘सिंगरिया’ ही पोटजातच तिथे नोंदली आहे. ही नोंद आपल्या कामाची आहे, कारण शिंगाड्याची शेती होत होती म्हणजे तलावात उथळ, साचलेलं, वनस्पतींना मानवणारं पाणी होतं. मात्र पाण्याखाली कुठलं गवत होतं, त्यात कोण अंडी घालत होतं, हे त्या ग्रंथांतून कळत नाही. अधिकाऱ्यांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता.

तो प्रश्न विचारणारा सरकारी माणूस नवेगावला आला तो १९७०च्या दशकात. मारुती चितमपल्ली.

चितमपल्लींना आपण मराठी लेखक म्हणून ओळखतो. शाळेच्या पुस्तकात धडा असतो, मग पुढे कुणीतरी ‘रानवाटा’ हातात देतं. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते सोलापुरात गेले. त्याच सोलापुरात ते १९३२ मध्ये जन्मले होते. पण त्यांच्या आयुष्याकडे थोडा वेळ संशोधकाची कारकीर्द म्हणून बघा. शिक्षण कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात, १९५८ ते १९६०. पुढे वनखात्यात नोकरी, नेमणूक होईल तिथे. पीएचडी नाही, प्रयोगशाळा नाही, प्रकल्पाचा निधी नाही. बदली झाली की फील्ड साइट बदलली! कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. आपण तीन वर्षांच्या फेलोशिपमध्ये एक साइट मिळावी म्हणून धडपडतो. त्यांना साइट मिळत गेल्या, पण प्रश्न स्वतःच शोधावा लागला.

नवेगाव त्यांना चांगल्या वेळी मिळालं. १९७५ मध्ये सुमारे १३४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. तलावावर हिवाळ्यात स्थलांतरित बदकं उतरत, काठच्या झाडांवर बगळे आणि पाणकावळे. पण माझ्या मते त्यांच्या अभ्यासाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट पक्षी नव्हे. ती म्हणजे त्यांना भेटलेला माणूस, नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार. त्यांना लोक ‘अरण्यपुत्र’ म्हणत. गावाचा पाटील, तलाव आणि रान तळहातासारखं ठाऊक असलेला. खात्यातला अधिकारी अशा माणसाकडे वाटाड्या म्हणून बघू शकला असता. चितमपल्लींनी त्यांना गुरू मानलं, आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकात ते ठिकठिकाणी दिसतं. माहिती देणाऱ्याचं नाव लेखनात ठळकपणे येणं, ही आपल्या शोधनिबंधांत आजही दुर्मिळ असलेली गोष्ट त्यांनी सहज केली. आपल्याकडे तो माणूस ‘स्थानिक माहितगार क्रमांक ७’ होतो.

दुसरी गोष्ट शब्दांची. चितमपल्ली शब्द गोळा करत. ढिवरांचे, गोंडांचे, गुराख्यांचे. त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला, हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्रा’चं मराठी रूप सिद्ध केलं, आणि उतारवयात ‘पक्षिकोश’सारखं काम उभं केलं. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ हे शब्द मराठी वाचकाला माहीत झाले ते त्यांच्यामुळे. कुणी म्हणेल, हे भाषेचं काम झालं, यात विज्ञान कुठे? उत्तर सरळ आहे. प्रजात ओळखल्याशिवाय मोजता येत नाही, आणि गावात जाऊन विचारायचं तर तिचं गावातलं नाव ठाऊक हवं. एकाच माशाला वीस किलोमीटरवर दुसरं नाव असतं, आणि दोन वेगळ्या माशांना कुठे एकच. नावांची यादी नीट नसेल तर मुलाखतींचा सगळा डेटा निकामी होतो. लॅटिन नाव शेवटच्या रकान्यात येतं, पहिल्या रकान्यात नाही.

आता उलट बाजू, कारण भक्तीने वाचलेला स्रोत संशोधनात चालत नाही. चितमपल्लींची पुस्तकं ललित आहेत. घटनेची तारीख बहुतेक वेळा नसते, पक्ष्यांची संख्या ‘थवेच्या थवे’ अशी येते, आणि ऐकलेलं, पाहिलेलं, दंतकथेतलं हे तिन्ही एकाच परिच्छेदात शेजारी बसलेलं असतं. गोष्ट म्हणून हे सुंदरच आहे. पण म्हणून ‘१९७५ साली नवेगावला अमुक इतकी बदकं होती’ असं त्यातून काढता येत नाही, आणि कुणी काढलं तर परीक्षकाने ते खोडावं. काय काढता येतं? एखादी प्रजात तिथे होती, घरटी करत होती, कुठल्या झाडावर, कुठल्या ऋतूत, आणि लोक तिला काय म्हणत. म्हणजे अस्तित्वाची नोंद मिळते, विपुलतेची नाही. हा फरक मेथडॉलॉजीच्या प्रकरणात एका वाक्यात लिहून टाका. पुढचे दहा आक्षेप वाचतात.

याच जागी डॅनियल पॉली आठवतात. या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये जेमतेम एका पानाचा लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की, मत्स्यशास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी आपल्या नोकरीच्या सुरुवातीला जे मासे दिसले तेच ‘मूळचं’ धरून चालते. पुढची पिढी त्याहून कमी झालेल्याला मूळचं मानते. असं होत होत बेसलाइन घसरत जाते आणि किती गेलं हे कुणाच्याच ध्यानात येत नाही. यावर उपाय म्हणून पॉली जुन्या, शास्त्रीय न वाटणाऱ्या नोंदी आणि किस्से गंभीरपणे घ्यायला सांगतात. तो लेख समुद्राबद्दल आहे. पण अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एखाद्या बोडीच्या काठी बसून वाचला तरी तितकाच लागू पडतो. (बोडी म्हणजे शेतातला छोटा तलाव, नागपूरच्या पलीकडच्यांसाठी.)

कारण १९५० नंतर इथे बरंच काही घसरलं. मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. तलाव सरकारचे झाले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. मालकी गेली ते न्यायाचंच होतं, पण त्याबरोबर दरसाल गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं, तुडूम म्हणजे पाणी सोडायची जागा जपणं, या कामांचा धनीही गेला. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे, मासेमारी सहकारी संस्थांकडे. एका पाण्याचे तीन कारभारी, आणि तलावाच्या तळाकडे बघणारा एकही नाही.

मासेमारीतला बदल तर समजून घेण्यासारखा आहे. १९५७ मध्ये कटकला हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवून दाखवलं. कटला, रोहू, मृगळ हे मासे वाहत्या पाण्यात वीण करतात, साचलेल्या तलावात नाही. चौधरींच्या शोधामुळे त्यांचं बीज हवं तेवढं तयार करता येऊ लागलं, आणि देशभरच्या तलावांत हे बीज सोडणं हाच मत्स्यविकासाचा मार्ग ठरला. त्यात पुढे गवत्या कार्प आणि सायप्रिनससारखे बाहेरून आणलेले मासेही आले. एक पाणवनस्पती खातो, दुसरा तळ उकरतो. आता तलावातल्या मूळच्या माशांकडे बघा. मरळ वनस्पतींच्या आडोशाला घरटं करते आणि पिलं राखते. लहान मासे पाण्यातल्या पानांना अंडी चिकटवतात. वनस्पती गेली की यांचा पाळणाच गेला. सरकारी तक्त्यात मात्र उत्पादन टनांत मोजतात, आणि टनाच्या आकड्यात जाती दिसत नाहीत. दहा जाती जाऊन एक वाढली तरी आकडा चढताच राहू शकतो.

काठावर बेशरम माजली. ही आयपोमिया, मूळची अमेरिकेतली, जनावरं तोंड लावत नाहीत, कापली तरी फुटते. तिच्यासाठी लोकांनी काढलेल्या नावात सगळा स्वभाव आला.

हे सगळं घडताना नोंद कुणाकडे होती? रोज पाण्यात उतरणाऱ्यांकडे. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवरांबरोबर जे काम केलं ते मला या जिल्ह्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पाणथळ-संशोधन वाटतं, मग ते कुठल्या इंडेक्समध्ये असो वा नसो. त्यात पतिराम तुमसरे यांच्यासारख्या ज्येष्ठ मच्छीमारांचं म्हणणं साधं होतं: मासे कमी झाले कारण त्यांची वनस्पती कमी झाली. कुठला मासा कुठल्या वनस्पतीत राहतो, काय खातो, कुठे वीण करतो, हे त्यांना पाठ होतं. हे गृहीतक आहे, आणि ते तपासता येतं. त्यांनी तपासलं. तलावातली बेशरम मुळासकट काढली, उन्हाळ्यात पाणी आटल्यावर तळ नांगरला, पाऊस लागल्यावर चांगल्या तलावांतून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, तरंगत्या पानांच्या निम्फॉइडिस अशा देशी पाणवनस्पती आणून लावल्या. काम करणाऱ्यांत ढीवर बाया मोठ्या संख्येने होत्या. देशी मासे परतले, पक्षीही. मग एका तलावावरचं काम दुसऱ्या तलावांवर गेलं.

आता तुम्ही संशोधनाची तयारी करताय म्हणून विचारते: या कामात उणं काय आहे? कंट्रोल तलाव नाहीत, ‘आधी’ची मोजणी तुटपुंजी, तलाव निवडले ते लोकांच्या सोयीने, यादृच्छिक नाही. हे आक्षेप बरोबर आहेत. पण त्यांचा अर्थ ‘हे विज्ञान नाही’ असा नव्हे. शेजारच्या गावातला, काहीही न केलेला मामा तलाव कंट्रोल म्हणून अजून जागेवर आहे. तिथे जाळं टाकून तुलना करणं हे तुमच्या-माझ्यासारख्यांचं काम आहे. ढिवरांनी गृहीतक दिलं, प्रयोगही केला. मोजपट्टी घेऊन कुणी पोचलं नाही, एवढीच उणीव.

सारसाचंही तेच. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरला तो जवळजवळ सगळा गोंदियात आणि आसपास, आणि संख्या काही डझनांत. इथे ‘सेवा’ ही संस्था आणि शेतकरी मिळून दर वर्षी गणना करतात, शेजारच्या भंडारा आणि बालाघाटातही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या पक्ष्याच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. सारस घरटं करतो भाताच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेला, आणि चरतो तलावातले कंद. म्हणजे त्याला तलाव आणि भातशेत ही दोन्ही लागतात.

आणि नेमक्या इथे एक अडचण आहे, जिच्यावर एखादा चांगला प्रबंध होऊ शकेल. १९७१ च्या रामसर कराराच्या व्याख्येत नैसर्गिक आणि मानवनिर्मित अशा दोन्ही पाणथळ जागा येतात. नाशिकचं नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ झालं, आणि तेही बंधाऱ्यामुळेच तयार झालेलं. पण आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून भातखाचरं वगळली आहेत, आणि खास सिंचनासाठी बांधलेली जलाशयंही. आता मामा तलाव कशासाठी बांधले होते? तर भात भिजवण्यासाठी. नवेगावबांधच्या पाठीशी राष्ट्रीय उद्यान तरी आहे. बाकीच्या हजारो तलावांचं काय? ते ‘फक्त सिंचनासाठी’ होते, की पहिल्यापासूनच पिण्याला, गुरांना, शिंगाड्याला, मासळीला, गाळपेरीलाही होते?

हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि त्याचं उत्तर कागदात आहे. मध्य प्रांताच्या जमाबंदीत प्रत्येक गावाचा वाजिब-उल-अर्ज तयार होत असे. गावाच्या चालीरीती आणि तलाव, झाडं, चराई यांवरचे लोकांचे हक्क त्यात लिहिलेले असत. पुढे निस्तारपत्रकं आली. तलावाचं पाणी कुणी कशासाठी घ्यायचं, त्यात मासे कुणी धरायचे, अशा गोष्टी तिथे गावाच्या नावानिशी सापडू शकतात. मोडी किंवा उर्दू यायला हवी असं नाही, बरेच कागद मराठी-हिंदीत आणि बाळबोध लिपीत आहेत. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्यावा लागतो, धूळ खावी लागते, तीनचार चकरा होतात.

सुरुवात करायची असेल तर एक तालुका घ्या आणि चार रकाने आखा: तलावाचं गावातलं नाव, कागदात नोंदलेले हक्क, चितमपल्लींच्या किंवा इतर जुन्या लेखनात आलेल्या वनस्पती, मासे, पक्षी, आणि आज तिथल्या साठीपुढच्या ढिवरांना आठवणारे मासे, त्यांच्याच नावांनी. चौथा रकाना आधी भरा. कागद आणखी काही वर्षं थांबतील.